मेंदूचा संशोधक नववीला शिकवतो तेव्हा: त्याचे शिक्षण कुठले आणि पद्धत कुठली?

प्रश्न: खाडीकाठची बाई

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका खाडीकाठच्या माध्यमिक शाळेत अकरा वर्षे विज्ञान शिकवते. आमच्या गावचे एक गृहस्थ बंगळुरूला चेताविज्ञानात संशोधन करतात. त्यांना न विचारता लिहिते आहे, म्हणून त्यांचे आणि त्यांच्या संस्थेचे नाव देत नाही. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर परतीचे तिकीट दोन दिवस उशिराचे मिळाले, तेव्हा ते शाळेत आले आणि नववीच्या वर्गावर सलग दोन तासिका त्यांनी मागून घेतल्या. चेतासंस्थेचा भाग शिकवायचा राहिलाच होता, त्यामुळे मीही आनंदाने दिल्या.

ते बर्फाच्या पेटीतून चार माकुले (स्क्विड) घेऊन आले. फळ्यावर काहीही न लिहिता त्यांनी पहिला प्रश्न विचारला की माकूल घाबरले म्हणजे काय करते. आमची निम्मी मुले होडीवर जाणाऱ्या घरांतली, त्यामुळे उत्तर लगेच आले: शाई सोडते आणि झटक्यात मागे जाते. मग त्यांनी विचारले की मागे जाण्यासाठी सगळे अंग एकाच क्षणी आवळावे लागते, पण आज्ञा तर डोक्याकडून निघते. मग जवळच्या मांसाला ती आधी आणि शेपटाकडच्या मांसाला उशिरा पोचायला हवी, तरी सगळे एकदम कसे आवळते? यावर वर्गात पाऊण तास वाद झाला. एकाने रापणीचे (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) उदाहरण दिले: दोराच्या लांबच्या टोकाला असलेल्या माणसाला हाक उशिरा ऐकू येते, म्हणून त्याला आधी सांगून ठेवावे लागते. एक मुलगी म्हणाली की लांबच्या ठिकाणी जाणारा दोर जाड असेल. त्यांनी कुणालाच बरोबर किंवा चूक म्हटले नाही. माकूल कापून, भिंगे वाटून, "आतल्या बाजूला पांढरे धागे दिसतात का ते बघा आणि जसे दिसतात तसे काढा" एवढेच सांगितले. तास संपला, ते निघून गेले आणि उत्तर मात्र सांगून गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्ग माझ्या हाती आला तेव्हा मुले उत्तरासाठी माझ्या मागे लागली आणि एक पालक शाळेत येऊन विचारून गेले की परीक्षेला माकूल येणार आहे का. मला स्वतःलाही उत्तर ठाऊक नव्हते, हे येथे कबूल करते.

निघताना मी त्यांना त्यांचे शिक्षण विचारले होते. बी.एस्सी. भौतिकशास्त्रात झाली, असे ते म्हणाले. मी तर धरून चालले होते की मेंदूवर काम करणारा माणूस डॉक्टर असेल, निदान प्राणिशास्त्राचा तरी. म्हणून माझे प्रश्न असे आहेत: या क्षेत्रात लोक कोणत्या शिक्षणातून येतात? त्यांची शिकवण्याची ही तऱ्हा त्या शिक्षणातून येते, की तो त्या माणसाचा स्वभाव असतो? आणि ज्या शिक्षकाला मार्चपर्यंत पुस्तक संपवायचे आहे, त्याला यातले काय पेलण्याजोगे आहे?

उत्तर १: गुहागरकर

बाई, आधी तुमच्या मुलांची उधारी फेडतो. दोर जाड असेल असे म्हणणारी मुलगी बरोबर होती. माकुलाच्या बाहेरच्या मांसल पिशवीच्या (जिच्या चकत्या करून आपण तळतो) आतल्या भिंतीवर दोन्ही बाजूंना एकेक चेतागुच्छ, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, असतो. त्यातून चांदणीच्या किरणांसारखे चेतातंतू पसरतात. जो तंतू लांब जातो त्यातला मोठा अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) जाड असतो, जो जवळ संपतो त्यातला बारीक. अक्षतंतू जितका जाड, तितका आवेग (आज्ञा नेणारा विजेचा संदेश) वेगाने धावतो. त्यामुळे लांबच्या आणि जवळच्या मांसाला आज्ञा जवळजवळ एकाच वेळी मिळते. आपल्या शरीरात वेगासाठी तंतूभोवती मेदाचे वेष्टन असते. माकुलाकडे ते नाही, म्हणून त्याने जाडी वाढवली. मोठ्या जातींत हा अक्षतंतू एक मिलिमीटरपर्यंत जाड भरतो. आपल्याकडची माकुले लहान, त्यांचा तंतूही त्या मानाने बारीक, पण रचना तीच.

जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये या जाड तंतूकडे शरीरक्रियाशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. पुढे इंग्लंडच्या किनाऱ्यावरील प्लिमथच्या प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्सली यांनी त्यात तार घालून आवेग म्हणजे नेमके काय हे मोजले. १९५२ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि १९६३ मध्ये नोबेल मिळाले. चेतापेशीतील विजेविषयी आज जगभर जे शिकवले जाते त्याचा पाया रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर टोपलीने विकल्या जाणाऱ्या प्राण्याच्या एका भाईबंदावर रचलेला आहे, हे तुमच्या वर्गाला जरूर सांगा.

आता शिक्षणाचा प्रश्न. या हक्सली यांना मुळात अभियंता व्हायचे होते. केंब्रिजला ते भौतिकशास्त्रासाठी गेले आणि जोडविषय म्हणून घेतलेल्या शरीरक्रियाशास्त्रात रमले. १९५२ च्या निबंधातील समीकरणे सोडवण्याच्या वेळी विद्यापीठाचा संगणक मोठ्या फेरबदलासाठी बंद होता, म्हणून त्यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सारा हिशेब केला. जीवशास्त्रातला हा गाजलेला शोध प्रत्यक्षात गणिताने भरलेला आहे, आणि तुमचे गृहस्थ भौतिकशास्त्रातून आले यात म्हणूनच नवल नाही.

दुसरी उदाहरणेही अशीच आडवळणाची आहेत. दुभंगलेल्या मेंदूवरील (ज्याच्या दोन अर्धांमधला दुवा तोडला आहे अशा मेंदूवरील) कामासाठी १९८१ चे नोबेल मिळालेले रॉजर स्पेरी पदवीला इंग्रजी साहित्य शिकले होते. नंतर मानसशास्त्र, मग प्राणिशास्त्रात डॉक्टरेट. स्मृतीवरील कामासाठी २००० चे नोबेल मिळालेले एरिक कँडेल हार्वर्डला इतिहास आणि साहित्य शिकले, मनोविश्लेषक होण्यासाठी वैद्यकाकडे वळले आणि अखेर समुद्री ससा नावाच्या गोगलगायीपाशी पोचले, कारण तिच्या चेतासंस्थेत सुमारे २०,००० च पेशी असतात आणि त्यांतल्या काही इतक्या मोठ्या की ओळखून काढता येतात. आपल्याकडचे ओबेद सिद्दिकी अलीगढला शिकले, ग्लासगोला पाँटेकोर्व्हो यांच्याकडे बुरशीच्या जनुकशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट केली, १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला आणि पुढे फळमाशीला वास आणि चव कशी कळते या प्रश्नाकडे वळले.

मी स्वतः चिपळूणला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केली आणि पुढे मुंबईला गेलो. माझ्या प्रयोगशाळेत माझ्या एका बाजूला संगणक अभियंता बसत असे आणि दुसऱ्या बाजूला एमबीबीएस झालेली मुलगी. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी टाटा संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशा ठिकाणी जीवशास्त्राबाहेरचे विद्यार्थीही घेतले जातात. तुमच्या वर्गातल्या कुणाला इकडे यायचे असेल तर त्याने गणित सोडू नये, एवढेच आज सांगण्यासारखे आहे. बारावीला "बायोलॉजी घेतले, आता गणित कशाला" हे वाक्य मी आपल्या भागात फार ऐकले आहे आणि त्याची किंमत मोजणारी मुलेही पाहिली आहेत. त्यांतला एक मीच.

तऱ्हा कुठून येते? माझ्या मते पदवीतून नव्हे, तर प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षे ज्या सवयीत काढावी लागतात तिच्यातून. तेथे पुस्तकातल्या प्रत्येक आकड्याला "हे कुणी मोजले?" असे विचारावे लागते. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांची गोष्ट मला यासाठी फार आवडते. त्या रिओ दि जानेरोच्या विज्ञान संग्रहालयात लोकांना मेंदूविषयी समजावून सांगण्याचे काम करत होत्या. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, असे मानणारे कितीतरी लोक त्यांना पाहणीत भेटले. हा समज आला कुठून याचा माग काढताना त्यांच्या लक्षात आले की माणसाच्या मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात हे पाठ्यपुस्तकांतले विधानही कुणी नीट मोजून केलेले दिसत नाही. मग त्यांनी मेंदूच्या ऊतीचे द्रावण करून पेशींची केंद्रके मोजण्याची रीत बसवली आणि २००९ मध्ये सरासरी ८६ अब्ज हा आकडा पुढे आला. म्हणजे शिकवता शिकवता पडलेल्या प्रश्नातून संशोधन उभे राहिले. तुमच्या पाहुण्यांनी उत्तर सांगितले नाही ते शिष्टपणाने नव्हे, अशी माझी समजूत आहे.

उत्तर २: निवृत्त शिक्षक, दापोली

वरील उत्तर वाचून ज्ञानात भर पडली, त्याबद्दल आभार. तरीही चौतीस वर्षे वर्गावर उभे राहिलेल्या माणसाने दुसरी बाजू मांडली नाही तर बाईंवर अन्याय होईल.

पाहुण्याचा तास आणि शिक्षकाचा तास यांत फरक असतो. पाहुणा प्रश्न पेरून जातो. उगवलेले तण, पीक, जे काही असेल ते शिक्षकाला सांभाळावे लागते. वर्षातून एकदा उत्तर न सांगता निघून जाणे शोभते. रोज तसे केले तर ज्या मुलाच्या घरी कुणी सांगणारे नाही, ते मूल रिकाम्या हाताने घरी जाते. शिकवणी लावलेल्या मुलाला संध्याकाळी उत्तर मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. ही गोष्ट संशोधकांच्या लक्षात येत नाही, कारण ते स्वतः बहुधा उत्तर हुडकून काढणाऱ्या मुलांपैकी होते.

शब्दांचीही गोष्ट आहे. चेतापेशी, वृक्षिका, अक्षतंतू, मेरुरज्जू, प्रतिक्षिप्त क्रिया हे शब्द मुलाच्या तोंडी बसलेच पाहिजेत. पाठांतराला नावे ठेवण्याची पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. मी रोज तासाच्या आरंभी पुस्तक मिटवून पाच प्रश्न विचारत असे आणि त्या पाच मिनिटांचे फळ मार्चमध्ये दिसत असे.

शिवाय व्यवहाराचे पाहा. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणजे पहिले दीड महिने ताजे माकूल मिळण्याची आशा नाही. ऑगस्टमध्ये श्रावण, पुढे गणपती, नवरात्र. माझ्या वर्गात मासळीला हात न लावणाऱ्या घरांतली पाच-सहा मुले दर वर्षी असत. त्यांना कोपऱ्यात उभे करून बाकीच्यांना विज्ञान शिकवायचे का? बाईंच्या पाहुण्यांनी याचा विचार केला होता की नाही, हे जाणून घ्यायला आवडेल.

उत्तर ३: जेटीवरचा

शिक्षणशास्त्रातले मला फारसे कळत नाही. मत्स्यविज्ञानाची पदवी रत्नागिरीला घेतली आणि सध्या घरचा मासळीचा व्यवसाय पाहतो. पुन्हा माकूल कापायचे झाल्यास उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

माकूल सकाळी उतरलेले, कातडी चकचकीत आणि ठिपके स्पष्ट असलेले घ्यावे. बर्फात ठेवावे, पण गोठवलेले घेऊ नये. गोठवून सुटलेल्या माकुलात धागे मांसापासून वेगळे ओळखू येत नाहीत. ज्या बाजूला पाणी सोडायची नळी असते तिकडून, मधोमध, वरवर कात्री चालवून पिशवी पुस्तकासारखी उघडावी. कात्री खोल गेली तर शाईची पिशवी फुटते आणि मग त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन्ही बाजूंची कल्ली दिसली की त्यांच्या पुढे, डोक्याकडच्या टोकाला, आतल्या भिंतीवर फिकट चांदणी शोधावी. तिच्यातून शेपटाकडे जाणारा धागा सगळ्यांत ठळक असतो. खाली काळे प्लास्टिक आणि वर थोडे मिठाचे पाणी असले तर तो उठून दिसतो.

डोके कापणार असाल तर मुलांना हेही दाखवा की माकुलाची अन्ननलिका मेंदूच्या मधल्या भोकातून जाते. मोठा घास गिळला तर मेंदूवरच ताण येणार, अशी ही रचना. पारदर्शक काटा निघतो तो जपून ठेवावा; किनाऱ्यावर सापडणारा पांढरा समुद्रफेस ज्याचा असतो ती जात वेगळी, एवढा फरक मुलांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. सहल काढणार असाल तर रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे.

उत्तर ४: गुहागरकर

गुरुजींचे दोन मुद्दे मान्य आहेत आणि त्यांतला एक तर संशोधनालाही मान्य आहे. पुस्तक मिटवून आठवायला लावणे हे पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा दीर्घकाळ टिकते, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवले. आठवडाभराने तपासले तेव्हा ज्यांनी आठवून पाहिले होते ते पुढे होते. गंमत अशी की लगेच तपासले असता नुसते वाचणारेच पुढे होते, त्यामुळे वाचणाऱ्याला आपले सगळे झाले असे वाटत राहते. गुरुजींची पाच मिनिटे ही जुनाट सवय नव्हती. माझा आक्षेप पाठांतराला नाही, क्रमाला आहे. अक्षतंतू हा शब्द धागा पाहिल्यानंतर दिला तर त्याला चिकटायला काहीतरी मिळते. आधी दिला तर तो हवेत राहतो.

घरी सांगणारे कुणी नसलेल्या मुलाचा मुद्दा मात्र मी कधी विचारातच घेतला नव्हता. उत्तर किती काळ रोखून धरायचे याला मर्यादा हवी, आणि ती बहुधा दुसऱ्या दिवसाची पहिली तासिका असावी.

मासळीच्या अडचणीवर एक जुना प्रयोग सुचवतो. याला माकूल लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि कुणाच्या सोवळ्याला बाध येत नाही. १८५० मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूतील आवेगाचा वेग मोजला. त्यांचे गुरू म्युलर हा वेग मोजताच येणार नाही असे मानत होते. तो निघाला सेकंदाला जेमतेम तीसेक मीटर. (हे हेल्महोल्ट्झ शिकले वैद्यक, कारण भौतिकशास्त्राचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता, आणि पुढे झाले बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बाईंच्या पहिल्या प्रश्नाच्या यादीत हेही नाव घाला.) त्यांनी माणसांवरही अशीच युक्ती केली: शरीरावर मेंदूपासून जवळ आणि लांब अशा दोन ठिकाणी स्पर्श करून प्रतिसादाच्या वेळेतला फरक पाहिला.

वर्गात ती अशी करता येते. सगळी मुले गोल बसवावीत आणि डोळे मिटायला सांगावेत. प्रत्येकाने उजवा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवावा. आपला खांदा दाबला गेला की लगेच पुढचा खांदा दाबायचा. फेरी पूर्ण व्हायला लागलेला वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घ्यावा. मग तेच हात शेजाऱ्याच्या घोट्यावर ठेवून पुन्हा करावे. घोट्याकडून मेंदूकडे येणारी वाट खांद्यापेक्षा साधारण एका मीटरने लांब असते, त्यामुळे घोट्याची फेरी थोडी जास्त वेळ घेते. एका मुलामागे हा फरक हातांनी मोजता येणार नाही इतका लहान असतो. चाळीस मुलांचा मिळून मोजता येतो. पहिल्या तीन-चार फेऱ्या सोडून द्याव्यात, कारण सरावाने वेळ घटत जातो आणि तो फरक पायाचा समजला जाण्याचा धोका असतो.

खाडीकाठची बाई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे उशीर झाला, कारण मध्ये सहामाही परीक्षा होती.

गुरुजी, तुम्ही विचारले होते म्हणून सांगते: आमच्या वर्गातली चार मुले माकुलाला हात लावत नव्हती आणि पाहुण्यांनी त्यांना चित्रे काढायला बसवले होते. त्यातल्या एकाचे चित्र सगळ्यांत चांगले आले, पण ती सोय त्यांनी आयत्या वेळी केली होती, आधी ठरवून नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत खांद्याचा आणि घोट्याचा प्रयोग केला. हजर मुले अडतीस. पहिली फेरी साडेचौदा सेकंदांची झाली आणि हसण्यात विरली. पाचव्या फेरीपासून वेळ स्थिरावली. खांद्याच्या सहा फेऱ्यांची सरासरी ९.३ सेकंद आली, घोट्याच्या सहांची १०.२. वाटेतला फरक मुलांनी टेपने एकमेकांवर मोजला, तो सरासरी ११० सेंटिमीटर भरला. अडतीसने गुणून ०.९ ने भागल्यावर सेकंदाला साधारण ४६ मीटर आले. मुख्याध्यापक दारात उभे होते, त्यांनी मोबाईल कशाला असे विचारले. मग तेही एका फेरीला बसले.

शब्द मी फेऱ्या संपल्यावर फळ्यावर लिहिले आणि सोमवारी पुस्तके मिटवून विचारले. बत्तीस मुलांना अक्षतंतू आठवला. वृक्षिका मात्र निम्म्यांनाच आठवली, कारण तिच्यासाठी मी काहीच दाखवले नव्हते.

जाड दोराचे उत्तर देणाऱ्या त्याच मुलीने तास संपताना विचारले की खांदा दाबायला हाताला लागणारा वेळ आणि मेंदूने ठरवायला लागणारा वेळ दोन्ही फेऱ्यांत सारखाच असेल, तर वजाबाकीत तो निघून जातो, पण घोटा दाबायला वाकावे लागले तर तो सारखा राहिला का? हे मला सुचलेच नव्हते. आमची मुले घोट्याच्या फेरीत खरोखरच थोडी वाकून बसली होती. पुढच्या शनिवारी खांद्याच्या फेरीलाही सगळ्यांना तसेच वाकून बसवणार आहोत. गुहागरकर, त्याने आकडा वाढेल की घटेल, हे वर्गाने आधी वहीत लिहून ठेवले आहे. तुम्ही कृपया तोपर्यंत येथे सांगू नका.